कीटकांतील संप्रेरक-ग्राही आणि ‘निर्धोक’ हा शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कीटकांच्या शरीरातील पाण्याचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांवर बेतलेल्या संभाव्य कीटकनाशकांविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. असा विषय मराठीत आला याचे समाधान आहे. मात्र ही औषधे ‘इतर सर्व जिवांना पूर्णपणे निर्धोक’ असतील, हे त्यातील विधान घाईचे वाटते.

कीटकांना मूत्रपिंडे नसतात. ते काम मालपिघी नलिका करतात. आपली मूत्रपिंडे रक्त दाबाखाली गाळतात, तर या नलिकांच्या पेशी क्षारांचे आयन पंपाने आत ओढतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी येते. पंप किती वेगाने चालवायचा, हे पेशींवरील ग्राहींना (संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना) चिकटणारी संप्रेरके ठरवतात. फळमाशीत डीएच-44 व डीएच-31 या मूत्रस्राव वाढवणाऱ्या संप्रेरकांचे ग्राही नलिकेच्या मुख्य पेशींवर, तर कायनिन या तशाच आणखी एका संप्रेरकाचे ग्राही ताराकृती पेशींवर असतात आणि कायनिनमुळे क्लोराइडची वाट मोकळी होते. ऱ्होडनियस हा ढेकणाच्या वर्गातला रक्तशोषक कीटक एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या जवळपास दहापट रक्त पितो. त्यानंतर त्याच्या नलिकांचा स्राव सुमारे हजारपट वाढतो. ही यंत्रणा बिघडवली तर कीटक तगणे कठीण, हे लेखकाचे म्हणणे योग्यच आहे.

अडचण पुढे आहे. डीएच-44चा ग्राही हा आपल्या शरीरातील ताणाशी संबंधित सीआरएफ संप्रेरकाच्या ग्राहीच्या कुळातला, आणि डीएच-31चा ग्राही आपल्याच शरीरातील कॅल्सिटोनिन या संप्रेरकाच्या ग्राहीच्या कुळातला आहे. मधमाशीकडेही ही संप्रेरके आहेत. उलट, साठवणीच्या धान्यावरील तांबड्या भुंगेऱ्यात कायनिन व त्याचा ग्राही हे दोन्ही नाहीत, म्हणजे कायनिनच्या ग्राहीवर नेम धरणारे औषध ज्या किडीसाठी हवे, तिथेच कुचकामी ठरावे! कोणता ग्राही कोणत्या कीटकात आहे, हे पाहिल्याविना ‘निवडक’ हा शब्द वापरता येत नाही.

शिवाय ही संप्रेरके पेप्टाइड स्वरूपाची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या असल्याने विकरांमुळे लवकर तुटतात आणि कीटकाच्या बाह्य कवचातून सहज आत शिरत नाहीत, म्हणून संशोधक त्यांची मुद्दाम टिकाऊ केलेली रूपे तयार करतात. मूळ संप्रेरक झटपट नष्ट होते, यावरून औषधही तसेच नष्ट होईल असा निष्कर्ष लेखात काढला आहे. जो गुण काढून टाकण्यासाठी रेणू बदलला, त्याच गुणाची हमी त्या बदललेल्या रेणूबद्दल कशी देता येईल? याचा खुलासा लेखकाने करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक