'कासव काढून टाक' न म्हणणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

मी थँक्यू म्हटलं आणि तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळे झालात. माझं मात्र तेवढ्यावर भागलेलं नाही. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांदेखत. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

आधी ज्यांचे आभार मानायचे नाहीत त्यांच्याबद्दल. पोकेमॉनची डबल्स (दोन्हीकडून दोन-दोन पोकेमॉन एकदम लढतात तो प्रकार) खेळायला लागल्यापासून मला सल्लागारांची वानवा कधीच नव्हती. एकाने कुठल्याशा विजेत्याची आख्खी टीम चिकटवून दिली. वर म्हणे, "हे वापर, डोकं लावू नकोस." दुसऱ्याच्या मापाचा शिवलेला शर्ट घालून फिरावं तसं मी ती टीम घेऊन हरत राहिले. टीममधल्या सहातले कोणते चार मॅचला न्यायचे, कुणाला आधी पाठवायचं आणि का, हे त्या चिकटवलेल्या मजकुरात कुठंच नसतं. दुसऱ्या एका स्वयंघोषित एक्स्पर्टने माझ्या टोरकोलचा, म्हणजे कासव-पोकेमॉनचा, सेट (चाली आणि आकड्यांची मांडणी) बनवून दिला आणि हरल्यावर म्हणाला, कासव काढूनच टाक. तिसऱ्याचं निदान असं, की मुली क्यूट बघून टीम बनवतात. नाकातून धूर सोडणाऱ्या कोळशाच्या कासवात याला क्यूटपणा कुठं दिसला, देव जाणे.

आणि 2014च्या वर्ल्ड्सची, म्हणजे जागतिक स्पर्धेची, गोष्ट तर प्रत्येकाने ऐकवली. वॉशिंग्टनला सेजुन पार्क हा खेळाडू पाचिरिसू नावाचा, कुणी न वापरणारा चिमुकला पोकेमॉन घेऊन जिंकला, म्हणून आवडता पोकेमॉन घेऊन खेळावं; किंवा तू काही सेजुन पार्क नाहीस, म्हणून खेळू नये. एकाच गोष्टीची दोन्ही तात्पर्यं मला मिळाली. पाचिरिसू तिथं लाडाने नव्हता, फॉलो मी ही चाल वापरून जोडीदारावरचे वार अंगावर घ्यायच्या कामाला ठेवलेला होता, हे पहिल्यांदा सांगितलंत तुम्ही.

पण आभार त्याचेही नाहीत. आभार त्या रविवारच्या एका प्रश्नाचे.

मी शोडाउन या साइटवरच्या हरलेल्या मॅचचा रिप्ले पाठवला होता. (आपल्याकडे स्विच कन्सोलवर खेळणारे थोडे, बाकी आम्ही सगळे ब्राउझरवाले.) माझ्या हॅटरीनने ट्रिक रूम (काही टर्न हळू पोकेमॉनला आधी चाल देणारी खेळी) लावली होती, तिची जोडीदार इंडीडी आपलं काम करून बाद झाली होती आणि टोरकोल मैदानात आला होता. बाहेर ऊन, त्याचं इरप्शन (आगीचा मोठा वार) पूर्ण जोरात, एकशेपन्नास पॉवर, समोर प्रतिस्पर्ध्याचा अमूंगस. जिंकलेच असं वाटण्याची ती वेळ. आणि अमूंगसने आधी स्पोर ही चाल मारून कासवाला झोपवलं. हा रिप्ले आधी ज्यांना दाखवला ते सगळे इथंच हसले होते.

तुम्ही तिथं रिप्ले थांबवलात आणि विचारलंत, "इथं तुझ्या मनात काय होतं?"

मला काही सुचेना. इतके महिने मी काय करायला हवं होतं हे सगळ्यांनी सांगितलं होतं, मी काय विचार केला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी फोनवर गप्प. तुम्हीही गप्प. मधे 'हॅलो, आहेस ना?' नाही, उत्तर सुचवणं नाही, तिकडं दुसऱ्या मॅचचे आवाज नाहीत. शेवटी मी म्हटलं, ट्रिक रूममध्ये जो हळू तो आधी. टोरकोलचा मूळ स्पीड 20, अमूंगसचा 30, म्हणजे माझा नंबर आधी यायला हवा होता. तुम्ही म्हणालात, "विचार अगदी बरोबर आहे. आता तुझ्या टोरकोलचा प्रत्यक्ष आकडा बघ."

आकडा होता 40. त्या एक्स्पर्टने दिलेल्या सेटमध्ये स्पीडचा आयव्ही (उपजत गुण, 0 ते 31) 31 तसाच सोडलेला, नेचरही (स्वभाव) स्पीड न घटवणारं. आणि ट्रिक रूमचा विचार करणारे लोक अमूंगसचा स्पीड पन्नासाव्या लेव्हलला 31 वर आणून ठेवतात. जातीने हळू असलेलं माझं कासव शिकवणीत जलद करून ठेवलं होतं! क्वाएट नेचर आणि स्पीडला शून्य आयव्ही दिला की तोच टोरकोल 22 वर येतो. एवढंच. टीममधून कुणालाही हाकलावं लागलं नाही.

नंतरची कामं भराभर झाली. ईव्हीचे, म्हणजे सरावाने वाढवायचे, 510 गुण सरसकट दोन ठिकाणी 252-252 वाटून टाकायचे नाहीत, आधी कुणाचा कुठला वार सोसायचाय ते कॅल्क्युलेटरवर ठरवायचं. इंडीडी शेजारी उभी असताना तिच्या सायकिक टेरेनमुळे हॅटरीनला फेक आउट (पहिल्याच टर्नला दचकवून चाल अडवणारा वार) लागत नाही, तेव्हा पहिल्या टर्नला तिला प्रोटेक्ट करत बसवायचं नाही, थेट ट्रिक रूम लावायची. हे कुणीही शिकवू शकलं असतं, व्हिडिओही ढीगभर आहेत. पण समोरच्याचं डोकं चालतं असं गृहीत धरून शिकवणारा माणूस व्हिडिओत भेटत नाही.

या खेळात सभ्यपणा म्हणजे हरल्यावर 'जीजी' (गुड गेम) लिहिणं, असं आम्हाला वाटायचं. ते कोण लिहीत नाही? मला सभ्य वाटतो तो, ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे आणि तरी थांबतो. तुम्ही तो 40चा आकडा माझ्या आधी पाहिला असणार, खात्री आहे माझी. अधिकृत स्पर्धांत आता मूव्ह, आयटम, अॅबिलिटी सगळं प्रतिस्पर्ध्याला उघड दाखवतात. ईव्हीसारखे आकडे तेवढे झाकलेले राहतात. माझं झाकलेलं तुम्ही बघितलंत आणि त्याचा तमाशा केला नाहीत. ज्यांच्याकडे ज्ञान कमी असतं त्यांना ते दाखवायची घाई फार, हे मी बाकीच्यांकडून शिकले. त्याबद्दल त्यांचेही आभार मानायला हरकत नाही म्हणा.

आता कामाचं. टोरकोलच्या हळूपणाचा एक फायदा तुम्ही बोलला नव्हतात. पाऊस आणणारा पेलिपर आणि ऊन आणणारा टोरकोल पहिल्याच टर्नला समोरासमोर आले की पाऊस आधी पडतो आणि ऊन नंतर येतं, कारण हळू असलेल्याचं हवामान टिकतं. पण समोरचा हुशार असला की पेलिपरला आत घेतो, पुन्हा बाहेर काढतो आणि माझं इरप्शन भिजतं. मी टोरकोललाही तसंच आतबाहेर करून पाहिलं, पण तेवढ्यात ट्रिक रूमचे टर्न संपतात. येत्या रविवारी मोकळे असाल तर रिप्ले पाठवते. आधी मी काय विचार केला ते लिहूनच पाठवेन.

तुमची,
कासववाली