झेंडी हाती देण्याआधी शिकवा

माननीय संपादक,

गेल्या बुधवारी पुतण्याच्या गाडीतून राष्ट्रीय महामार्ग 48 वरून करजणला निघालो होतो. बडोद्याबाहेर पडल्यावर एके ठिकाणी रस्त्याची एक बाजू उकरलेली. जिथे लेन संपते नेमकं तिथेच, डांबरावर, विशीतला एक मुलगा काठीला लाल फडकं बांधून उभा होता. पाठ गाड्यांकडे, तोंड जेसीबीकडे. आमच्या डोळ्यांदेखत एक टेम्पो त्याच्या कोपराला घासून गेला.

पुढे गाडी लावायला लावून मी चालत मागे आलो. पोरगा दाहोदकडचा. कालपर्यंत खडी टाकत होता. झेंडीवाला गावी गेला म्हणून सुपरवायझरने सकाळी फडकं हातात दिलं आणि ‘गाड्या थांबव’ एवढंच सांगितलं. मी विचारलं, ‘ट्रक अंगावर आला तर कुठे पळशील?’ त्याने मागे वळून पाहिलं. मागे पुरुषभर खोल चर.

मी 34 वर्षं रेल्वेत कीमन म्हणून, म्हणजे रोज पायी रूळ तपासत, काढली. रूळ तुटलेला दिसला की ब्रॉडगेजवर 600 मीटरवर एक फटाका (चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणारा) आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावायचे, हे आम्हाला झोपेतही पाठ असे. झेंडी धरायला सक्षमता प्रमाणपत्र लागे. लाल-हिरवं नीट दिसतं का, ते डॉक्टर तपासत. रुळावरचा नियम रस्त्यावर जसाच्या तसा चालणार नाही, हे मला कळतं. पण गाडी थांबायला अंतर लागतं, हे दोन्हीकडे सारखंच. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या हिशेबाने ताशी 80 किलोमीटरला 120 मीटर, 100 ला 180 मीटर. कामाच्या जागी वाहतूक कशी सांभाळावी याची त्यांची पुस्तिकाही आहे, आयआरसी एसपी 55, सुधारित आवृत्ती 2014 ची. त्या दिवशी मात्र चालकाला पोरगा आणि चर एकदमच दिसत होते.

मी त्याला जमेल तेवढं दाखवलं. कामाच्या बरंच आधी, रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. तोंड कायम येणाऱ्या गाड्यांकडे. पाठीमागे पळायला वाट मोकळी हवी, ती कामावर येताच आधी बघून ठेवायची. पहिली गाडी पूर्ण थांबेपर्यंत लेनमध्ये पाऊल टाकायचं नाही. मोबाइल खिशात. दुसऱ्या टोकाचा झेंडीवाला दिसत नसेल तर दोघांकडे वॉकीटॉकी पाहिजेच, नाहीतर दोन्हीकडच्या गाड्या एकाच लेनमध्ये समोरासमोर येतात. आणि लाल फडक्यावर संध्याकाळी विसंबू नये, अंधारून आलं की लाल रंग काळपट दिसतो. तेव्हा लाल दिव्याची बॅटन लागते. त्याच्या जाकिटावरची चमकती पट्टी तर धुऊन धुऊन मेली होती.

पोरगा हुशार. दहा मिनिटांत नीट उभा राहायला लागला. म्हणूनच जास्त वाईट वाटलं, की हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

महामार्गाचे अधिकारी आणि महापालिका यांना माझी विनंती आहे. एक दिवसाचं प्रशिक्षण आणि डोळ्यांची तपासणी झाल्याशिवाय कोणाच्याही हाती झेंडी देऊ नये. ज्याचं झालंय त्याच्या गळ्यात ओळखपत्र असावं. दर दोन तासांनी बदली माणूस द्यावा, बडोद्याच्या मे महिन्यातल्या उन्हात त्याहून जास्त वेळ नजर टिकत नाही. हा खर्च निविदेतच वेगळा धरावा, म्हणजे ठेकेदाराला तो वाचवता येणार नाही. शिकवायला माणूस हवा असेल तर मी येईन, पैसे नकोत.

— एक निवृत्त कीमन, दांडिया बाजार, बडोदे