जिन्यातला पलंग

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा १४ एप्रिलला भायखळ्याला अग्निशमन दलाच्या स्मारकाशी जाऊन आलो. बाबा, गुडघा धड असता तर तुम्हीच गेला असतात, म्हणून मुद्दाम कळवतोय. मोठे काका गेल्यानंतरची ही पहिलीच तारीख.

लहानपणी आंबेडकर जयंतीची सुट्टी असायची, म्हणून काका मलाही न्यायचे. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले दलाचे ६६ जण गेले. लोक त्या बोटीवरच्या सोन्याच्या विटांची गोष्ट रंगवून सांगतात. काका सोन्याचं नावसुद्धा काढायचे नाहीत. ‘कापसाच्या गाठी नि दारूगोळा एकाच खणात भरला रे,’ एवढंच. आणि घरी आले की ओट्याखाली डोकं घालून गॅसची नळी तपासायचे. आई, तू काय चिडायचीस!

बंद दार कसं तपासायचं तेही त्यांनीच शिकवलं. तळहात नाही, उलटा हात लावायचा. तापलेलं असेल तर उघडायचं नाही, दुसरी वाट बघायची.

बंबावर पंचवीस वर्षं काढली, त्याआधी पंधरा नेव्हीत. त्याबद्दल तर आणखीच कमी बोलायचे. १९७१च्या युद्धात विमानवाहू विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला होता आणि तशीच ती बंगालच्या उपसागरात लढायला गेली, हे मी मोठेपणी वाचलं. काका तेव्हा तिच्या बॉयलर रूममध्ये! धावत जाऊन विचारलं, तर म्हणाले, ‘गरम होतं.’

२०१४ला विक्रांत दारूखान्यात, जुनी जहाजं मोडतात तिथे, तोडायला घेतली. मी म्हटलं, चला, शेवटचं बघून येऊ. नाही आले. बाबा, तुमचा जुना रेडिओ त्यांनी उघडून ठेवला होता तो तेव्हाच. आठवडाभर नुसते स्क्रू काढायचे आणि लावायचे. पुढे लायन गेटपाशी तिच्याच पोलादाचं स्मारक झालं, तिथे मात्र स्वतःहून म्हणाले, जाऊ या. जवळ गेले आणि उलटा हात लावून उभे राहिले. दुपारचं ऊन होतं, पोलाद चांगलंच तापलं असणार. हात काही काढला नाही.

आता खरं कारण. गेल्या खेपेला आपल्या जिन्यात पाहिलं. चपलांचे स्टँड, सायकली, कुणाचं तरी कपाट. सोसायटीला दोनदा लिहून झालं, काही हललं नाही. पण दुसऱ्या मजल्यावरचा लोखंडी पलंग आपलाच आहे, बाबा. काका दर दिवाळीला त्याला पाय लागला की तुमच्याकडे नुसतं बघायचे, आणि तुम्ही ‘हलवतो, दादा’ म्हणायचात.

शनिवारी टेम्पो घेऊन येतोय. आई म्हणेल, राहू दे, पाहुण्यांना लागेल. लागू दे. गादी तेवढी ठेवून घे.

तुमचा,
धाकटा