सुई टोचली तर मावशींनी कुणाकडे जायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दवाखान्यातला कचरा रस्त्यावर सापडला की ‘सफाई कामगारांना प्रशिक्षण द्या’ अशी मागणी हमखास होते. मागणी चूक नाही, पण रोख भलतीकडे आहे. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या निमित्ताने मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात मुक्काम पडला, तेव्हा हे ध्यानात आले. वॉर्डातल्या मावशींना रंग तोंडपाठ होते. रक्ताचा कापूस पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लालमध्ये, काच निळ्यात, सुया पांढऱ्या डब्यात. तरीही त्या उचलत असलेल्या लाल पिशवीतून सुई बाहेर आलेली होती. ती टाकणारे हात मावशींचे नव्हते. घाईच्या राउंडमध्ये कुणीतरी सुईसकट सिरिंज टाकून पुढे गेले होते. हातमोजा एकाच हातात होता, दुसरा फाटलेला.

टोचत नाही का, असे विचारले. “टोचतंय की कधीमधी. रगत पिळून काढायचं अन् हळद दाबायची,” त्या म्हणाल्या. सिस्टरांना सांगता का? “सांगितलं तर ठेकेदार म्हणतो, उद्यापासून येऊ नको.”

माहिती कमी पडते ती इथे. जखम पिळायची नसते. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन लगेच डॉक्टरांना गाठायचे असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस-बी बाधित सुईतून लागण होण्याची शक्यता १०० मध्ये ३० पर्यंत जाते. एचआयव्हीची १००० मध्ये साधारण ३, म्हणजे खूपच कमी, आणि ती टाळणारी औषधेही आहेत. पण ती शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. नोकरीच्या भीतीने मावशी गप्प राहिल्या, तर हा वेळ हातचा जातो.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण द्यायला सांगतात. हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी हेही त्यातच आहे. कचरा हाताळणाऱ्या कंत्राटी माणसाला त्यातून वगळलेले नाही. प्रत्यक्षात प्रशिक्षणाला सिस्टर बसतात, मावशी तेवढ्या वेळात हॉल झाडून घेतात. आणि भिंतीवरचा तक्ता इंग्रजीत! तो कुणासाठी लावला आहे, देव जाणे.

जिल्हा प्रशासनाने निदान एवढे तरी करावे. ठेकेदाराचे बिल काढण्याआधी त्याच्या प्रत्येक माणसाचे हिपॅटायटिस-बीच्या तिन्ही डोसांचे कार्ड बघावे. सुई टोचल्यावर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर प्रत्येक वॉर्डात कचऱ्याच्या डब्यांवर मराठीत ठळक लिहावा. आणि टोचल्याची नोंद करणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज कापू नये.

— एक वाचक, जि. लातूर