नानांना कोण सांगणार?

पुणे, रविवार रात्र

प्रिय अव्या,

आधी शिव्या घालून घे. 'सविस्तर लिहितो' म्हणून तुला व्हॉट्सॲपवर टांगून ठेवलं आणि गणपती गेले, दिवाळीही गेली. माझी शुगर आहे तिथेच आहे, गुडघा कुरकुरतो, शैला मजेत. पुढे.

आज लिहायला बसलो कारण ज्या नानांनी आपल्याला रिमोटची मॉडेल विमानं उडवायला शिकवलं, त्यांनीच ट्रेनर, ते शिकाऊंसाठीचं विमान, पाडलं. यात नवीन ते काय, म्हणशील. आपण तिघांनी आजवर पाडलेल्या बाल्साच्या लाकडात एखादा बंब वर्षभर पेटला असता. पण हे पाडणं वेगळं आहे, आणि घरी सांगून उपयोग नाही. शैला म्हणाली, "कुणाला लागलं नाही ना? मग झालं." झालं नाही रे.

सासवडच्या पुढचं आपलं माळरान तुला आठवतंय तसंच आहे, फक्त आता गावातली पोरं बघायला येतात. मोटारसायकलींच्या रांगेपाशी उभी असतात, नाना त्यांना गोळ्या वाटतात. तर नानांनी ते पिवळं ट्रेनर काढलं. तेच, रबर बँडनी बांधलेला वरचा पंख, 6.5 सीसीचं ग्लो इंजिन, इंधनातल्या एरंडेलाचा तो वास. टेकऑफ असा की शाळेत दाखवावा. दोन चकरा मारल्या, तिसऱ्या चकरेला विमान पार लांब गेलं. सकाळचं धुरकट आभाळ, समोर ऊन. तिथे विमानाची नुसती काळी चिंधी दिसते. येतंय की जातंय ते आकारावरून कळत नाही, आधीचं वळण डोक्यात धरून ठेवावं लागतं. ते आमच्याकडे येत होतं. उजव्या हाताचा पंख खाली गेला आणि नानांनी हातातल्या ट्रान्समीटरची स्टिक डावीकडे नेली.

नानांनी, अव्या! "येत्या विमानाच्या पडत्या पंखाला स्टिकचा टेकू द्यायचा" हे ज्यांनी आपल्या डोक्यात टपल्या मारून बसवलं, त्यांनी. विमान आणखी कललं, नाक खाली घातलं आणि थेट मोटारसायकलींकडे आलं. मी ओरडलो, "नाना, टेकू! टेकू!" पोरं पळाली. अडीच किलोचं धूड त्यांच्या डोक्यावरून जाऊन हरभऱ्यात घुसलं.

नाना म्हणाले, "सिग्नल तुटला."

मी मान डोलावली. काय करणार होतो? पण अव्या, इंजिन शेवटपर्यंत बोंबलत होतं. विमानातल्या त्या रिसीव्हरला फेलसेफ नानांनी स्वतः लावलाय, माझ्यासमोर. सिग्नल तुटला की थ्रॉटल आपोआप खाली. सिग्नल गेला असता तर इंजिन घुरघुरत खाली आलं असतं. हे पूर्ण जोरात जमिनीत गेलं. नंतर मी गुपचूप रेंज चेकही केला. रिसीव्हर वाचला होता, ट्रान्समीटर कमी पॉवरवर टाकून तीस पावलं मागे गेलो, विमानाच्या झडपा हलवणारे सर्वो नीट हलत होते. आणि हे सगळं नानांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून तर मला झोप नाही.

बरं, हात आणि डोकं शाबूत आहे. हरभऱ्यात बसून त्यांनी पंखाची एकेक बरगडी वेचली. मी सवयीने प्रॉपेलरला हात लावला तर खेकसले, "फिरवू नकोस! कार्ब्युरेटरमध्ये माती आहे, आत ओढली जाईल." रुमालाने इंजिनाचं तोंड बांधलं, टाकीची नळी चिमटीत धरून उरलेलं इंधन बाटलीत काढलं. थेंब सांडला नाही. मला आधी वाटायचं, वय झालं की हात आधी जातात. इथे हात जागच्या जागी आणि डोळे दगा देतायत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं 'थंडी संपू दे' म्हणून तीन थंड्या लांबलंय.

पंखाच्या खालच्या बाजूला काळे पट्टे मारू, असं मी आधीच सुचवलं होतं. वर पिवळं, खाली पट्टे, म्हणजे निदान पोट दिसतंय की पाठ ते तरी कळेल. उत्तर काय? "माझं विमान झेब्रा नाही." मग म्हटलं, मी शेजारी उभा राहून बोलत जातो, डावीकडे, उजवीकडे, येतंय, जातंय. त्यावर म्हणाले, "क्रिकेटची कॉमेंट्री लाव त्यापेक्षा."

त्यांच्या सुनेला सांगितलं तर ती वर्कशॉपलाच कुलूप घालेल. ते पाप मला नको. नियमाचा धाक दाखवावा म्हटलं, तर 2021 च्या ड्रोन नियमांत आपली मॉडेलं बसतात, 25 किलोपर्यंत, हौसेसाठी आणि नजरेच्या टप्प्यात. नजरेच्या! ते वाक्य त्यांच्यासमोर वाचायची माझी छाती नाही.

उरतो बडी बॉक्स, शिकवताना दोन ट्रान्समीटर जोडतात तो. मास्टर माझ्या हातात, नाना दुसऱ्या ट्रान्समीटरवर. मी स्प्रिंगचा स्विच दाबून धरला तोवर विमान त्यांचं, सोडला की माझं. सुरक्षिततेचं म्हणशील तर याहून सोपं काही नाही, त्यांना अख्खी सकाळ उडवता येईल. पण आपण दोघं विशी-बाविशीत त्या स्विचच्या पलीकडच्या टोकाला होतो, आठवतं ना? विमान हातातून काढून घेतलं की किती अपमान वाटायचा. तू तर एकदा ट्रान्समीटर गवतात फेकून चहाला निघून गेलास.

आता तू म्हणशील, "तू स्विच धरणार? 72 मेगाहर्ट्झच्या जमान्यात तुला चिमटा धरता आला नाही." तर पुन्हा सांगतो, त्या दिवशी बोर्डावरचा चिमटा माझ्याच कॉलरला होता, म्हणजे ती फ्रीक्वेन्सी माझी. माझं विमान हवेत असताना त्याच क्रिस्टलवर सेट चालू केलास तू. नाना साक्षीदार आहेत, आणि त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. आज सगळे 2.4 गिगाहर्ट्झवर आहेत, एकाचा सेट दुसऱ्याला नडत नाही, म्हणून तुझ्यासारखे मोकाट फिरतात.

मला वाटतं, बडी बॉक्सचं तू सांगावंस. माझं बोलणं त्यांना पोराची चिंता वाटते. तुझ्या उजव्या तर्जनीवर त्यांनी स्वतः टाके घालून आणलेत. त्या प्रॉपच्या तडाख्यानंतर ते तुझ्यापुढे थोडे नरम असतात, तू कबूल करत नाहीस एवढंच. गोड बोलू नकोस. इंजिन शेवटपर्यंत चालू होतं, हे मी कळवलं असं सरळ सांग. चिडतील, फोन ठेवतील. अर्ध्या तासाने पुन्हा कर.

आणि विमान नवं बांधतायत, बरं का. बरगड्या कापायला सुरुवात झालीसुद्धा. म्हणजे महिना-दीड महिना हातात आहे.

तुझं काय? नोकरी बदललीस असं ताईकडून कळलं, अभिनंदन. ईशा ड्रायव्हिंग शिकली का? तिकडे अमेरिकेत मॉडेलवाल्यांचं मन्सीचं ते भलंमोठं मैदान तुझ्या घरापासून तासाभरावर, आणि तू एकदाही गेला नाहीस, हे नानांना सांगितलं तर वेगळा मार खाशील. वहिनींना नमस्कार.

फोन रविवार सोडून कर. रविवारी ते माळावर असतात, विमान नसलं तरी.

तुझा,
बंड्या

ता. क. येताना इंजिनासाठी चार ग्लो प्लग आण. बॅटऱ्या आणू नकोस, मागच्या वेळची ती फुगलेली लिपो अजून माझ्या वाळूच्या बादलीत पडली आहे.