चिखलदऱ्याला जाऊन गाविलगड न बघता परत येऊ नका!

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलो, धुकं इतकं की समोरच्या गाडीचा लाल लाईटच तेवढा दिसत होता, आणि वर पोचल्यावर मात्र भीमकुंडाजवळ पाय ठेवायला जागा नाही, सगळे सेल्फीत दंग, कणसं खाऊन बुरकुंडं तिथंच फेकलेली, चिप्सची पाकिटं पार दरीत. भीमानं कीचकाला मारून जिथं टाकला ती दरी म्हणे, आता आपण कचरा टाकतोय.

आणि दोनेक किलोमीटरवर गाविलगड, तिथं आम्ही धरून सात माणसं! 1803 साली इंग्रज सेनापती वेलस्लीनं नागपूरच्या भोसल्यांकडून जिंकला तो हाच किल्ला. दरवाजावर हत्तींना पकडलेलं गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी, कोरलंय, आत भल्यामोठ्या तोफा गवतात पडल्यात, पण माहितीचा एक धड बोर्ड मला दिसला नाही, पोरगं विचारत होतं बाबा हा कोणता पक्षी, मी काय सांगणार, घरी येऊन शोधलं.

इथं कॉफी पिकते हेसुद्धा कित्येक वऱ्हाडी माणसांना माहीत नसतं हो. ज्यांचं काम आहे त्यांनी पावसाळा संपायच्या आत दोन कचराकुंड्या अन् एक बोर्ड तरी लावावा.

— एक वाचक, अमरावती