एकोणीस वर्षं पूर्ण झाली की लस महाग का होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीवर लेख आला होता, चांगला होता, पण त्यात अमेरिकेबद्दल एक वाक्य होतं की तिथले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोक मोठेपणी एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, लस कमी घेतात कारण त्यांच्यात जागरूकता नाही. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी न्यू जर्सीत एका छोट्या कम्युनिटी क्लिनिकमध्ये काम करते, आमचे पेशंट बहुतेक डॉमिनिकन, मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि थोडे आपले गुजराती, तेलुगू, मराठी. जागरूकता नाही असं म्हटलं की सगळा दोष त्या माणसाच्या माथी मारून मोकळं होता येतं, पण ते खरं नाहीये.

आधी मुलांचं बघा. अमेरिकेत 1989 ते 1991 मध्ये गोवरची मोठी साथ आली, तेव्हा लक्षात आलं की गरीब घरातल्या मुलांना लसच मिळत नाहीये, मग 1994 पासून व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन ही सरकारी योजना सुरू झाली. इन्शुरन्स नाही किंवा मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यावर आहे, तर मुलाला लस फुकट. एचपीव्हीची लसही त्यात आहे. आणि झालं काय, तर 13 ते 17 वयात पहिला डोस घेण्यात लॅटिनो आणि कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या मुलांच्या बरोबरीने, बऱ्याच वर्षी तर पुढेच! गरीब घरातली मुलं खात्यापित्या घरातल्या मुलांच्या पुढे. आई तीच, गल्ली तीच, भाषा तीच, मग जागरूकता मोठेपणीच कुठे जाते? ही योजना 18 वर्षांपर्यंतच आहे, एकोणिसावा वाढदिवस झाला की बंद, आणि मोठ्यांसाठी तशी योजना आजपर्यंत झालेली नाही.

18 ते 26 वयाच्या लोकांमध्ये निदान एक डोस घेतलेले 2013 मध्ये 22.1 टक्के होते, 2018 मध्ये 39.9 टक्के झाले. म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत, पुरुष तर फक्त 27 टक्के. त्यात लॅटिनो मागे आणि परदेशात जन्मलेले अजून मागे. एका डोसची किंमत अडीचशे डॉलरच्या वर, आणि वयाची 15 वर्षं झाल्यावर सुरू केली की डोस तीन. ज्याच्याकडे बरा इन्शुरन्स आहे त्याला 26 पर्यंत एक पैसा पडत नाही, पण टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या राज्यांनी मेडिकेड सगळ्या गरीब मोठ्या माणसांपर्यंत वाढवलंच नाही, तिथे कमी पगाराचा, मूलबाळ नसलेला माणूस बरेचदा कशातच बसत नाही. यातल्या बऱ्याच राज्यांत कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो वस्ती मोठी आहे, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या काउंटरवर हे रोज दिसतं. वेअरहाऊसमध्ये तासावर काम करणारी चोवीस वर्षांची मुलगी पॅप स्मिअरला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीला येते, लसीचं विचारलं तर म्हणते मला कोणी कधी सांगितलंच नाही. मग लस बनवणाऱ्या कंपनीच्या मदत योजनेचा फॉर्म, त्याला उत्पन्नाचे कागद, कागद आणायला एक खाडा, डोसला दुसरा खाडा. पहिला डोस होतो. दुसऱ्याची तारीख शिफ्टवर येते, आणि तिसरा सहा महिन्यांनी, तोवर नोकरी बदललेली असते, फोन नंबर बदललेला असतो, आम्ही फोन लावत बसतो. ही मुलगी अडाणी नाहीये हो, तिला सगळं कळतं.

विश्वासाचा प्रश्न आहेच, तो नाकारत नाही, पण त्यालाही कारण आहे. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये एका सरकारी अभ्यासासाठी 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मुद्दाम उपचाराविना ठेवलं. हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय बाई 1951 मध्ये बाल्टिमोरला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली, तिच्या पेशी तिला न विचारता काढून घेतल्या, जगभर वापरल्या, आणि त्याच पेशींमध्ये पुढे या विषाणूचा एचपीव्ही 18 हा प्रकार सापडला, ज्याच्यापासून आज ही लस वाचवते. आणि आजही या कॅन्सरने कृष्णवर्णीय बायका गोऱ्या बायकांपेक्षा जास्त प्रमाणात मरतात. याचा मला खरंच संताप येतो.

स्थलांतरितांचं तर अजूनच विचित्र. 2008 मध्ये सरकारने ग्रीन कार्ड मागणाऱ्या 11 ते 26 वयाच्या मुलींना ही लस सक्तीची केली, खर्च त्यांच्याच खिशातून, नागरिक मुलींना मात्र ऐच्छिक. ओरड झाली तेव्हा 2009 च्या डिसेंबरमध्ये सक्ती काढली. काढली ते बरंच झालं, पण तिच्या जागी परवडेल अशी सोय काही केली नाही.

आता आपल्या लोकांचं. आकडेवारीत आपण सगळे एशियन नावाच्या एकाच रकान्यात. 1988 ते 1992 या काळात अमेरिकेतल्या व्हिएतनामी बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्या गटांपेक्षा जास्त होता, एकत्र सरासरीत हे कोणाला दिसलं असतं? आणि आपली एमएस करायला येणारी मुलंमुली बावीस-तेवीसची असतात, भारतात शाळेत ही लस त्यांना मिळालेली नसते, इथे कोणी विचारत नाही, आणि घरी विषय काढला तर लग्न ठरल्यावर बघू. अहो, ही लस लवकर घेतली तरच जास्त उपयोगी, आणि मुलांनाही तेवढीच गरजेची, अमेरिकेत एचपीव्हीमुळे पुरुषांना होणारे घशाचे कॅन्सर आता बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपेक्षा जास्त झालेत.

तेव्हा दोन विनंत्या. ते जागरूकतेचं वाक्य दुरुस्त करा. आणि ज्यांची मुलं अमेरिकेत शिकताहेत त्या आईबाबांसाठी एवढं छापा की शिफारस 26 पर्यंत सगळ्यांना आहे, 27 ते 45 मध्ये डॉक्टरशी बोलून ठरवायचं, युनिव्हर्सिटीच्या इन्शुरन्समध्ये ही लस बहुतेक वेळा असते पण बाहेरून घेतलेल्या स्वस्त प्लॅनमध्ये बरेचदा नसते, म्हणून स्टुडंट हेल्थ सेंटरला आधी विचारायचं आणि पहिला डोस घेतानाच पुढच्या दोन्ही तारखा घेऊन यायचं.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी